दहा आकडे, नऊ पट

माझी सगळी नोकरी मोजण्यात गेली. चिंचवडच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी विभागात होते. संख्याशास्त्राची पदवी घेतलेली बाई त्या विभागात मी एकटीच. हातात व्हर्नियर, टेबलावर गो-नो गो गेज आणि समोर बोल्टांच्या पेट्या. हजाराचा लॉट आला म्हणून हजारच्या हजार बोल्ट कोणी तपासत नाही. त्यातले ठरावीक नग उचलायचे, मापायचे आणि त्यांच्यावरून अख्ख्या लॉटचा निकाल लावायचा. शंभरात पाच खराब असलेल्या मोठ्या लॉटमधून दहा बोल्ट उचलले, तर दहाच्या दहा चांगले निघण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास असते. हे एकदा अंगी मुरलं की ‘दहाही चांगले निघाले’ एवढ्यावर माणूस विसंबत नाही. शक्यता किती आणि चूक झाली तर ती केवढ्याला पडेल, हे दोन्ही विचारल्याशिवाय तो सही करत नाही.

त्याच कारखान्याच्या गेटसमोर पानाची टपरी होती आणि टपरीच्या आडोशाला मटक्याचा रायटर बसायचा. पाळी सुटली की चारदोन कामगार तिकडे वळायचे. बोटभर कागदावर आकडा, रक्कम आणि ओपन की क्लोज एवढंच लिहिलेलं असे. चाराच्या आकड्यावर दहा रुपये लावले आणि आकडा लागला तर हातात नव्वद. लेथवर मिलिमीटरच्या शतांशाची चूक नुसत्या बोटांनी ओळखणारी ही माणसं. पण आकडे दहा आणि भाव नऊचा, या दोहोंमधली फट त्यांना कधी कोणी दाखवलेली नव्हती. या फटीचा आपल्या मुलखातला इतिहास मला सांगायचा आहे. आज पुण्याजवळच्या वाकडच्या उंच इमारतींमध्ये पोकर खेळणारी मुलं ‘पॉट ऑड्स’ म्हणतात, ते याच फटीचं मोजमाप आहे.

आपल्याकडे हा इतिहास विदर्भाच्या वाटेवर सुरू होतो. महाभारताच्या वनपर्वातला नळ द्यूतात भाऊ पुष्कर याच्याकडे राज्य हरून बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला होता. नळाची पत्नी दमयंती हिच्या दुसऱ्या स्वयंवराचा निरोप येतो आणि दोघं रथातून कुंडिनपूरला निघतात. हे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडिण्यपूर, असं आपण परंपरेने मानतो. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण त्याच्याकडे बघून सांगतो की त्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. बाहुकाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो आणि फळं मोजतो, तर संख्या तंतोतंत जुळते. मग सौदा होतो. बाहुकाने राजाला अश्वविद्या द्यायची, राजाने त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म द्यायचं. ते मर्म हाती आल्यावर नळ पुष्कराकडून राज्य परत जिंकतो.

ही गोष्ट मला लहानपणी चमत्काराची वाटायची. नोकरीत शिरल्यावर ती ओळखीची वाटायला लागली. थोडं बघून पुष्कळाचा अंदाज बांधणं हे तर माझं रोजचं काम. इयन हॅकिंग या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या उगमावर लिहिलेल्या पुस्तकात ऋतुपर्णाच्या या झाडाची मुद्दाम दखल घेतली आहे, कारण जुगाराचं ज्ञान आणि नमुन्यावरून मोजण्याचं ज्ञान एकाच माणसाकडे असल्याचं इतकं जुनं उदाहरण सहसा सापडत नाही. झाडही बेहड्याचंच आहे, हे विसरता कामा नये. वैदिक काळातले फासे म्हणजे बेहड्याची फळं. मूठभर फळं टाकायची आणि चाराच्या गटांनी मोजायची. काही उरलं नाही तर कृत, तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर आणि एक उरलं तर कली, असा तो खेळ असावा असं अभ्यासक मानतात. ज्याला ढिगाकडे बघून संख्या कळते, त्याला हा खेळ जिंकता येणारच. पण ती विद्या राजाराजांतच राहिली. इथून पुढे बघावं तर खेळ सगळ्यांचा आणि हिशेब एखाद्याचा, असंच चित्र दिसतं.

दुसरा टप्पा खानदेशात. चाळीसगावजवळच्या पाटण गावच्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून १२०७ च्या सुमारास तिथे मठ काढला. चांगदेव यादवराजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. तिच्यात सहा रसांची उदाहरणं आहेत. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहांतून एकेक घेतला तर सहा प्रकार, दोन दोन घेतले तर पंधरा, तीन तीन घेतले तर वीस, असं करत एकूण त्रेसष्ट. पत्त्यांच्या खेळाला लागतं ते गणित नेमकं हेच. बावन्न पानांतून तीन निवडण्याच्या रीती २२,१०० होतात आणि पाच निवडण्याच्या २५,९८,९६०. पाटणच्या मठात शिकणाऱ्या मुलासमोर पत्त्यांचा कॅट ठेवला असता, तर त्याने हे आकडे काढून दिले असते. रीत तीच आहे.

ही रीत खेळणाऱ्यांपर्यंत पोहोचली असती तर काय दिसलं असतं, ते तीन पत्तीत बघा. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणायची जुनी चाल आहे आणि त्या रात्री घरोघरी तीन पत्तीचा डाव रंगतो. २२,१०० हातांपैकी तीन सारख्या पानांची ट्रेल ५२ वेळा येते. एकाच रंगातला क्रम, म्हणजे प्युअर सिक्वेन्स, ४८ वेळा. साधा क्रम ७२०, रंग १,०९६, जोडी ३,७४४ आणि नुसतं वरचं पान १६,४४०. म्हणजे प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे, तरी जगभर खेळताना ट्रेल वरचढ धरली जाते. पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ खेळून झाला, पण पाडव्याच्या बैठकीत हे कोणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. चारातल्या तिघांच्या हातात जोडीसुद्धा नसते, हे ज्याला ठाऊक आहे तो ब्लाइंड चाल किती वाढवायची याचा वेगळा विचार करतो. बाकीचे अंदाजाने जातात.

भास्कराचार्यांनी हात मोजायची रीत दिली, पण हाताची किंमत काढली नाही. ते काम फ्रान्समध्ये १६५४ मध्ये झालं. पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात प्रश्न असा होता, की डाव अर्ध्यावर मोडला तर मध्ये पडलेली रक्कम कशी वाटायची? पास्कलच्या उदाहरणात दोघांनी ३२-३२ नाणी लावली आहेत आणि आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी ६४ मिळणार आहेत. एकाचे दोन झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबला. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर ६४ त्याची, हरला तर बरोबरी होऊन त्याला ३२. म्हणजे ३२ त्याची पक्कीच, उरलेल्या ३२ वर दोघांचा सारखा हक्क. वाटणी ४८ आणि १६. न घडलेल्या गोष्टीला किंमत लावता येते, हे इथे पहिल्यांदा स्वच्छ मांडलं गेलं. विम्याचे हप्ते, शेअर बाजारातले जोखमीचे हिशेब आणि आमच्या कारखान्यातला तपासणीचा तक्ता, या सगळ्यांमागचं गणित याच वाटणीतून पुढे आलं. संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाचा जनक वॉल्टर शुहार्ट संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये भारतात आला आणि इथल्या कारखान्यांत संख्याशास्त्र शिरायला सुरुवात झाली. चिंचवडला मी वापरलेल्या तक्त्यांची मुळं तिथवर जातात.

ज्या काळात कारखान्यांत हे गणित आलं, त्याच काळात मुंबईत ते दुसऱ्या वाटेनेही आलं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईला येत आणि त्या भावांतल्या अंकांवर लोक पैसे लावत. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबलं, पण आकडा लावायची सवय थांबली नाही. कल्याणजी भगत याने १९६२ मध्ये वरळीत स्वतःच आकडा काढायला सुरुवात केली आणि रतन खत्रीने १९६४ मध्ये न्यू वरळी मटका काढला. चिठ्ठ्या मडक्यात घालून काढत, म्हणून मटका. पुढे पत्ते आले. गिरणगावातल्या चाळींपासून पिंपरी-चिंचवडच्या टपऱ्यांपर्यंत तो पसरायला फार वर्षं लागली नाहीत.

मटक्याची रचना बारकाईने बघितली की ती करणाऱ्याला गणित किती नेमकं येत होतं ते कळतं. तीन पानं काढायची. एक्क्यापासून दश्शीपर्यंत अंक, दश्शी म्हणजे शून्य. समजा ३, ६, ८ निघाले. बेरीज सतरा, शेवटचा अंक सात, म्हणून ओपन सात. रात्री पुन्हा तीन पानं, समजा १, ४, ७. बेरीज बारा, म्हणून क्लोज दोन. जोडी झाली ७२. फळ्यावर लिहिताना ३६८-७२-१४७. तीन अंकांच्या या गटाला पत्ती किंवा पाना म्हणतात. क्रम धरायचा नसल्यामुळे अशा पत्त्या एकूण २२० होतात: तिन्ही अंक वेगळे असलेल्या १२०, दोन सारखे असलेल्या ९० आणि तिन्ही सारखे असलेल्या १०.

आता भाव बघा. गावोगाव ते थोडेफार बदलत, पण ढोबळमानाने एकेरी आकड्याला नऊ पट, जोडीला नव्वद पट, सिंगल पत्तीला १४० पट, डबलला २८० पट आणि ट्रिपलला ६०० पट. एकेरी आकडा दहात एकदा येणार, म्हणजे शंभर रुपये लावले तर सरासरीने नव्वद परत. जोडी शंभरात एकदा, तिथेही नव्वदच. चाळीस पानांच्या कॅटमधून तीन पानं काढली तर ९,८८० प्रकारे निघू शकतात. त्यात एखादी ठरावीक सिंगल पत्ती ६४ प्रकारे येते, डबल २४ आणि ट्रिपल फक्त ४ प्रकारे. वरच्या भावांनी हिशेब केला तर शंभरातले सिंगलला सुमारे ९१ परत येतात, डबलला ६८ आणि ट्रिपलला २४. सहाशे पट ऐकून ज्याचे डोळे दिपतात, त्याच्याच खिशातून सगळ्यात जास्त जातं. भाव डोळ्यांत भरेल असा ठेवायचा आणि शक्यता दडवायची, ही त्या धंद्याची कारागिरी होती.

जोडी खेळणाऱ्याची आशा टिकते ती शक्यता अशी दडवल्यामुळेच. रोज एक जोडी लावणाऱ्या शंभर माणसांपैकी सुमारे सदतीस जणांना शंभर दिवसांत एकदाही लागत नाही. ज्यांना लागते त्यांची नावं पाळी सुटताना गेटवर ऐकू येतात, बाकीच्यांची येत नाहीत. शिवाय लागलेले नव्वद घरी जात नाहीत, ते पुन्हा लागतात. दर फेरीला दहावा हिस्सा गळत असेल तर सात फेऱ्यांत शंभराचे पन्नाससुद्धा उरत नाहीत. आमच्या विभागात एखादं यंत्र दर फेरीला दहा टक्के माल वाया घालवत असतं तर पहिल्या दिवशीच बंद केलं असतं. हे यंत्र गेटसमोर वर्षानुवर्षं चाललं. अनेक बायका पगाराच्या दिवशी नवऱ्याला गाठायला गेटवर उभ्या असायच्या. त्यांना ही टक्केवारी माहीत नव्हती, पण घरातल्या डब्यांत काय उरलं आहे ते त्यांना माहीत होतं.

वाकडला मी राहायला आले तेव्हा इथे शेतं होती आणि मुळा नदीकडे जाणाऱ्या वाटा कच्च्या होत्या. चैत्रात म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला येतं, ते आजही येतं. फक्त वाटेच्या दोन्ही बाजूंना आता बाल्कन्या झाल्या आहेत. हिंजवडीचं आयटी पार्क उभं राहिलं, मुंबई-बंगळूरू महामार्गालगत सोसायट्या आल्या आणि त्यांच्याबरोबर गणित शिकलेल्या हजारो मुलामुलींची वस्ती आली. पोकर त्यांच्याबरोबर आला. हा खेळ मूळचा अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, मिसिसिपी नदीवरच्या बोटींतून पसरलेला. २००३ मध्ये एका हिशेबनिसाने ऑनलाइन पात्रता फेरीतून जागतिक स्पर्धेत शिरून ती जिंकली आणि जगभर ऑनलाइन पोकरची लाट आली. पुण्याकडच्या मुलांना ती फोनवर भेटली आणि सुट्टीत पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोंच्या बोटींवर भेटली.

माझा भाचा हिंजवडीत काम करतो. त्याच्या मित्रांची बैठक पैशांशिवाय, नुसत्या चिप्सवर चालते. एकदा त्याने मला शेजारी बसवून घेतलं आणि हातातली दोन पानं दाखवली: बदाम सत्ती आणि बदाम अठ्ठी. टेबलावर उघडी चार पानं होती: बदाम राजा, बदाम तिर्री, किलवर गुलाम आणि चौकट दुर्री. शेवटचं पान, ज्याला ते रिव्हर म्हणतात, यायचं होतं. समोरच्याकडे राजाची जोडी असणार हे त्याच्या खेळण्यावरून दिसत होतं.

‘‘मावशी, पॉटमध्ये सहाशे आहेत. त्याने तीनशे लावलेत. कॉल करू का?’’

‘‘तू सांग.’’

त्याने क्षणभरात सांगितलं. तेरा बदामांपैकी चार दिसले, नऊ उरले. त्याने न पाहिलेली पानं शेहेचाळीस. नऊ भागिले शेहेचाळीस म्हणजे एकोणीस-वीस टक्के. कॉल करायला तीनशे लागणार आणि ते घातल्यावर पॉट बाराशेचा होणार. बाराशेत तीनशे म्हणजे पंचवीस टक्के, हेच पॉट ऑड्स. शक्यता वीस, किंमत पंचवीस. त्याने पानं पालथी टाकली.

मी घरी येऊन कागदावर मांडून बघितलं. असा कॉल पुन्हा पुन्हा केला तर दर वेळी सरासरी पासष्ट चिप्स गेल्या असत्या. पण समोरच्याने तीनशेऐवजी शंभरच लावले असते, तर आठशेच्या पॉटसाठी शंभर, म्हणजे साडेबारा टक्के किंमत. तेव्हा तोच कॉल दर वेळी सरासरी साडेछप्पन चिप्स देऊन गेला असता. पानं तीच, शक्यता तीच. किंमत बदलली की निर्णय बदलतो. दोन पानं यायची बाकी असताना तीच नऊ पानं पस्तीस टक्क्यांपर्यंत जातात, म्हणून मुलं तोंडी हिशेब ठेवतात: एक पान बाकी असेल तर उरलेल्या उपयोगी पानांची दुप्पट, दोन बाकी असतील तर चौपट. सत्ती-अठ्ठीचा रंग समोरच्याच्या मोठ्या रंगापुढे हरू शकतो, हेही धरायचं आणि अंदाज थोडा खाली आणायचा. १६५४ मधली वाटणी, लीलावतीतली निवड आणि ऋतुपर्णाची नजर या एका ‘फोल्ड’मध्ये एकत्र आलेल्या मला दिसल्या.

चाराचा आकडा लावणाऱ्या कामगाराला किंमत कधीच बदलून मिळत नव्हती. दहा रुपयांना नव्वद म्हणजे अकरा टक्के किंमत आणि दहा टक्के शक्यता. रोज, कायम, प्रत्येक आकड्यावर. पानं टाकून उठायची मुभा फक्त न खेळण्यात होती. पोकरमध्ये ही मुभा दर वळणावर आहे आणि समोर बँक नसून दुसरा खेळाडू आहे. म्हणून हिशेब येणारा न येणाऱ्याकडून जिंकतो. पण तेवढ्याने पोकर सगळ्यांच्या फायद्याचा होत नाही. सहा सारख्या हुशार माणसांनी रात्रभर खेळून टेबलावरचे पैसे वाढत नाहीत. उलट पैशांच्या टेबलावर चालवणारा प्रत्येक पॉटमधून रेक म्हणून काही टक्के कापत राहतो, म्हणजे सहा जण मिळून तोट्यातच उठतात. पॉट ऑड्स येणाऱ्याला एक गोष्ट नक्की कळते: आपला नफा हा शेजारी बसलेल्याचा तोटा आहे, आणि शेजारी तितकाच शिकलेला असेल तर नफा रेक घेणाऱ्याचा आहे.

कायद्याने या सगळ्याकडे वेगळ्या प्रश्नातून बघितलं. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. स्वातंत्र्यानंतर वर्तमानपत्रांतल्या बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं वेड पसरलं आणि मुंबई राज्याविरुद्ध चमारबागवाला हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५७ च्या निकालात न्यायालयाने ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापर्यंत जाऊन सांगितलं की जुगार हा व्यापार नव्हे. १९६८ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं आणि तीन पत्त्यांच्या फ्लशला निव्वळ नशिबाचा. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी सुरू केली. १९७६ चा महाराष्ट्राचा कॅसिनो कायदा कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. पोकरला पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने जुगारातून वगळलं, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला नशिबाचा खेळ ठरवलं. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद केले.

पैशांच्या ऑनलाइन खेळांवरची बंदी मला योग्य वाटते. फोनवर चोवीस तास उघडं असलेलं टेबल आणि पगाराच्या खात्याला जोडलेलं बोट यांच्यामध्ये काहीतरी आडवं यायलाच हवं होतं. पण गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा हा सगळा वाद कौशल्य की नशीब, एवढ्याभोवती फिरला. शक्यता आणि किंमत यांचा मेळ बसतो का, हे खेळणाऱ्याला सांगायचं काम कोणत्याच कायद्याचं नव्हतं. ते शाळेचं होतं.

दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात संभाव्यतेचा धडा आहे. बावन्न पानांतून एक पान काढलं तर ते एक्का असण्याची संभाव्यता किती, हे मूल तिथे शिकतं. उत्तर चार भागिले बावन्न. धडा तिथेच थांबतो. ते पान आलं तर दहा रुपये मिळणार असतील, तर त्या संधीसाठी जास्तीत जास्त किती द्यावेत, हा पुढचा प्रश्न पुस्तक विचारत नाही. चार भागिले बावन्नला दहाने गुणायचं, उत्तर साधारण सत्याहत्तर पैसे. एका ओळीचं गणित आहे. ते न शिकलेली मुलं मोठी होऊन लॉटरीचं तिकीट घेतात, दामदुपटीच्या योजनेत पैसे घालतात, फ्युचर्स-ऑप्शन्सच्या ॲपवर रात्रभर जागतात. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ठरवलेली किंमत असते आणि दडवलेली शक्यता असते.

आमच्या सोसायटीतली दहावीची मुलं गणितासाठी माझ्याकडे येतात. संभाव्यतेचा धडा संपला की मी त्यांना मटक्याचा प्रश्न घालते. दहा आकडे, लागला तर नऊ पट. एक रुपया लावणं परवडतं का? ती नव्वद पैसे असं उत्तर काढतात. मग मी जोडीचा घालते, मग पत्तीचा. ट्रिपल पत्तीला शंभरातले चोवीसच परत येतात हे स्वतःच्या हाताने काढलेल्या मुलाला ‘जुगार वाईट’ हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यानंतर पॉट ऑड्स, कारण त्यांना हेही कळायला हवं की जोखीम नेहमीच मूर्खपणा नसते. शेतकरी पेरतो, एखादी मुलगी नोकरी सोडून धंदा काढते, डॉक्टर शस्त्रक्रियेचा सल्ला देतो, तिथेही वीस आणि पंचवीस यांचीच तुलना असते, फक्त ती कागदावर मांडलेली नसते.

ऋतुपर्णाने मर्म एका सारथ्याला दिलं, तेही सौद्यात. रतन खत्री आणि कल्याणजी भगत यांच्या धंद्यात ते भावाच्या पाटीमागे राहिलं. हिंजवडीच्या मुलांनी ते स्वतः शोधून घेतलं, कारण त्यांच्याकडे शिक्षण होतं. गेटसमोर चिठ्ठी लिहिणाऱ्या कामगाराच्या नातवंडांना ते शाळेच्या बाकावर, मराठीत, फुकट मिळालं पाहिजे. आकडा लावणारे लोक भोळे म्हणून हरले नाहीत. भागाकाराची एक ओळ त्यांना शिकवायची राहिली, म्हणून हरले, आणि ती ओळ शिकवणं आजही आपल्या हातात आहे.